उपजत पायलट

महिनाभर खपून चिमणीने विमान बनवलं आणि मैदानावर पोचताच बाबांनी हात पुढे केला. "आण तो रिमोट! इतकी वर्षं गाडी चालवतोय मी, यात काय शिकायचंय?"

विमान एकदा आपटलं की सगळंच मुसळ केरात! तरी चिमणीने निमूटपणे पिशवीतून रिमोट काढून दिला आणि जॅकेट हातांवर घेऊन ती त्यांच्या मागे उभी राहिली.

विमान झोकात उडालं. ते वळलं की बाबाही कमरेत वाकायचे. दोन गिरक्या घेऊन ते अलगद गवतावर टेकलं.

"बघितलंस? हे उपजतच असावं लागतं!" बाबा जमलेल्या लोकांकडे बघत म्हणाले.

 

आई चिमणीच्या कानात पुटपुटली, "जॅकेटखालचा रिमोट लपव आधी. आणि पुढच्या वेळी त्यांच्या रिमोटमध्ये निदान सेल तरी घाल!"