चाखणारी

अतियाने बशीत पळीभर सालन आणून मागीलदारी बसलेल्या दादीसमोर धरलं आणि ती वाट बघत उभी राहिली.

रमजानचा महिना. घरातल्या सगळ्या बायकांचे रोजे, त्यामुळे शिजवणाऱ्या हाताला चाखायची सोय नव्हती, आणि लहान पोरांच्या जिभेवर कुणाचा भरवसा नव्हता. रोज्यातून सुटलेली एकटी म्हातारी कुबराबी. हकिमाने तिला बजावलं होतं, आता या अंगाला उपास झेपणार नाही. तेव्हापासून दुपार उतरली की घरचं सालन आधी तिच्या जिभेवर येई आणि ती म्हणे तेवढंच मीठ पडे.

आज अगरदांड्याहून होडीने पाहुण्या येणार होत्या, मुलाची आई आणि मावशी. संध्याकाळी रोजा इथेच खोलणार होत्या. अतिया पसंत होती, पण तिच्या हातचं खाऊन मग पक्कं बोलू, असं मुलाच्या आईने कळवलं होतं. सरंगा मासळीचं सालन अतियाने एकटीने रांधलं होतं.

कुबराबीने बोट बुडवून जिभेला लावलं. गरम आहे, एवढं कळलं. पुन्हा लावलं, टाळूवर फिरवलं. वाटलेल्या खोबऱ्याचा मऊपणा लागला. बाकी काहीच नाही.

ती अतियाच्या तोंडाकडे बघू लागली. सून नसीबा बशी आणायची तेव्हा हे सोपं जाई. मिठाला हात सैल सुटलेला असला की नसीबाची मान आधीच खाली असे, आखडलेला असला की ती दाराशीच घुटमळे. गेले आठ दिवस कुबराबी सुनेच्या तोंडावरून मीठ सांगत होती. परवा मात्र चुकली. चिमूटभर अजून घाल म्हणाली, आणि रात्री मशिदीत तरावीहच्या नमाजाला गेलेले पुरुष ती अर्धी टाकून पाणी प्यायला घरी आले. बोलणी नसीबाने खाल्ली. सासूचं नाव तिने काढलं नाही.

अतियाचं तोंड कोवळं, कोरं होतं. त्यावरून काही कळत नव्हतं.

"दादी, सांग ना. उतरवू का?"

कुबराबीने बशी आपल्या हातात घेतली आणि तिला निखारे मागे ओढायला आत पाठवलं. मग उठली, बसली, पुन्हा उठली. शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन तोंडातलं थुंकली. चिमूटभर घाल म्हणावं, असं तिच्या मनात घोळायला लागलं. काहीतरी सांगायला हवंच होतं.

"कोंबड्या लय माजल्यात तुझ्या," मागून कुणी म्हणालं. "सरंगा खातात."

राही. डोंगरापलीकडच्या गावातून तीस वर्षं वालाच्या शेंगा घेऊन ती या मागीलदारी येत होती. पायरीवर बसायची, सुखदुःखाचं बोलायची आणि जायची. या घरचं पाणी तिने कधी घेतलं नव्हतं, कुबराबीनेही कधी पुढे केलं नव्हतं. त्यावाचून दोघींचं काही अडलं नव्हतं.

कोंबड्या विहिरीपाशी टाकलेला भात आणि सरंग्याचे तुकडे टिपत होत्या. कठड्यावर केळीच्या पानाखाली जर्मनची ताटली होती. राहीने पान उचललं. दुपारचं जेवण, अर्ध्याहून जास्त तसंच.

कुबराबीला लपवता येईना. सगळं घर उपाशी असताना आपण एकटीने घास गिळायचा, तो घशाखाली उतरत नाही, असं ती म्हणाली. ती चोरून रोजे धरत होती. झोपेचंही तसंच. घरात घड्याळ नव्हतं आणि पहाटे सहेरीच्या जेवणाला सगळ्यांना उठवायचं काम तिचं. आपला डोळा लागला तर सगळं घर न खाताच रोजा धरील, या धाकाने ती रात्रभर भिंतीला टेकून बसायची. आता जिभेला चवच कळत नाही, हेही तिने सांगून टाकलं.

"किती दिस?"

"एकवीस."

"बैलाला वैरण न्हाय, बसू दिलं न्हाय, आन् वर म्हणायचं नांगर वढ," राही म्हणाली. "जीभ तरी काय करील, कुबराबी?"

खाडीवरून होडीवाल्याची हाळी आली. आतून अतियाने दोनदा हाक मारली. कुबराबीने हातातली बशी राहीच्या दिशेने थोडी पुढे केली आणि लगेच मागे घेतली. तीस वर्षांत जे मागितलं नव्हतं ते आज कसं मागायचं?

राहीने गल्लीकडे एकदा बघून घेतलं. बोट पदराला पुसलं, सालनात बुडवलं आणि तोंडात घातलं.

"मीठ बेताचं हाय. त्याला हात लावू नको. आंबट कमी हाय, दोन आमसुलं टाक म्हणावं."

कुबराबीने तेच शब्द आत ओरडून सांगितले. "जी, दादी," आतून आलं. मग झाकण सरकल्याचा आवाज.

कुबराबी पायरीवर बसली. राहीने कठड्यावरची ताटली आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"माझं मोडलं," ती म्हणाली. "आता तुझं मोड."

कुबराबीने वर बघितलं. सूर्य अजून खाडीच्या हातभर वर होता. तिने भाताचा घास केला, बराच वेळ बोटांत धरला आणि तोंडात घातला.

"काय लागतंय?"

"काय न्हाय."

"मग दुसरा घे."

शेंगांची टोपली बाजूला सारून राही समोर बसून राहिली. कोंबड्या पायरीशी आल्या आणि माना वर करून थांबल्या.