मांडीवरचं मशीन

“हा जाडा लॅपटॉप मांडीवर तेवढा ठेवू नका हं, भाजेल,” दुकानदार सवयीने बोलून गेला. मग व्हीलचेअरकडे बघून त्याने जीभ चावली.

“भाजलं तरी इतके दिवस कळत कुठे होतं?” व्हीलचेअरमधला नवरा म्हणाला. “माझ्याइतकं सोशिक गिऱ्हाईक तुम्हाला मिळायचं नाही.”

बायको हसली नाही. तिचं लक्ष काउंटरवरच्या दोन लॅपटॉपकडे होतं. नवऱ्याने पेनड्राइव्हवर आपलंच एक जुनं काम आणलं होतं, एका वाचनालयाची इमारत. दुकानदाराने तेच दोन्हींवर चालू केलं होतं. एक लॅपटॉप पातळ, वहीसारखा. त्याला पंखाच नव्हता. दुसरा जाडजूड. त्याचा प्रोसेसर दांडगा, ग्राफिक्स कार्ड वेगळं, आणि पंखा असा सुटला होता की शेजारी कुणी मिक्सर लावलाय असं वाटावं. किंमत दोघांची जवळपास सारखीच.

“पातळ आहे तो शहाणा आहे,” दुकानदार म्हणाला. “तापायला लागला की आपणहून दमानं घेतो. हा जाड्या थांबत नाही. अंगाची आग झाली तरी काम पुरं करून उठतो.”

“थंडही आहे आणि कामही उरकतो, असा नाही का एखादा?” तिने विचारलं.

“आहे ना. वरच्या फळीवर. पण त्याची किंमत मी उभ्या माणसाला सांगत नाही.”

“मी बसलोय,” नवरा म्हणाला. “मला सांगा.”

दुकानदाराने सांगितली. वरच्या फळीचा विषय तिथेच संपला.

न बांधलेल्या घरांत ऊन पाडणं, हे त्याचं काम. आर्किटेक्ट नुसत्या रेघा द्यायचे. तो त्यातून पडद्यावर खोल्या उभ्या करायचा, खिडकीतून सकाळ आत आणायचा. अपघातानंतर कमरेखाली काही उरलं नाही, पण हात शाबूत होते. जुन्या ऑफिसने निरोप धाडला होता, चांगलं मशीन घे, काम आम्ही देतो. त्याने पातळ लॅपटॉपकडे बघितलं. भिंती आल्या होत्या, पुस्तकांची कपाटं आली होती. ऊन अजून यायचं होतं. जाड्यावर ते केव्हाच फरशीभर पसरलं होतं.

तिचं भांडण उन्हाशी नव्हतं. मागल्या वर्षी जुना लॅपटॉप असाच कामाला लावून तो पलंगावर टेकून बसला होता. टेबल होतं घरात, पण टेबलाशी पाठ फार वेळ धरायची नाही, मग तो मशीन मांडीवर ओढायचा. तिने सतरा वेळा बजावलं होतं. ती शाळेच्या ऑफिसातून संध्याकाळी घरी आली तेव्हा घरात वास येत होता. तिला वाटलं, गॅसवर काहीतरी लागलं. ती स्वयंपाकघरात धावली. गॅस बंद होता. आतून तो म्हणाला, “आलीस का? चहा टाक.”

त्याच्या भाजलेल्या मांडीची जखम भरेपर्यंत तिची सगळी रजा संपली. तेव्हापासून तिचा एकच हेका. तापणारं मशीन घरात येणार नाही.

आणि मग गेल्या आठवड्यात, ती त्याचे पाय पुसत असताना तो अचानक म्हणाला, “पाणी कोमट आहे का गं?”

पाणी कोमट होतं. ती बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडली. मग बहिणीला फोन केला, डॉक्टरांना केला. डॉक्टर म्हणाले, असं होऊ शकतं, पण लगेच हुरळून जाऊ नका, दाखवायला आणा. तारीख मिळायला वेळ होता. ती हुरळून गेलीच. चार दिवसांनी तो म्हणाला, “आता मला कळतंय म्हटल्यावर मोठा घ्यायला हरकत नाही ना?” तिला हरकत सुचली नाही. म्हणून तर ते दोघं आज इथे होते.

“परीक्षा घे हवी तर,” तो आता म्हणाला. “मी डोळे मिटतो. तू एकेक मांडीवर ठेव. कुठला ते न बघता सांगतो.”

“आणि चुकलास तर?”

“तर ही तुझी गरीब गाय घेऊन जाऊ घरी.”

त्याने डोळे गच्च मिटले. तिने पातळ लॅपटॉप उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

“हा थंड,” तो लगेच म्हणाला. “उचल. गाय आहे.”

“बरोबर,” दुकानदार म्हणाला, आणि त्यालाही बरं वाटलेलं दिसलं. संध्याकाळी बहिणीला काय सांगायचं, ती वाक्यंसुद्धा तिच्या मनात तयार झाली. तिने पातळ लॅपटॉप जागेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी जाड्या उचलला.

ती वाकली. पंखा घोंघावत त्याच्याजवळ आला. पँटच्या कापडाखाली तो चट्टा नेमका कुठे आहे हे तिला न बघता माहीत होतं. रोज तीच त्याला तेल लावायची. चट्ट्याच्या वीतभर वर तिचे हात थांबले. खाली जाईनात.

त्याने मान किंचित कलती केली.

“लागतंय,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “चांगलंच गरम लागतंय गं. हाच मोठा. उचल बाई आता, नाहीतर परत भाजशील मला.”

दुकानदाराने आधी त्याच्या रिकाम्या मांडीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

मशीन अजून तिच्या हातातच होतं, आणि तिचे तळवे भाजत होते.