धुतलेले मोजे

कपडे बदलायच्या खोलीत लेक बाकावर बसली होती आणि आई तिच्यापुढे उकिडवी. गुडघ्याखाली वीतभर उरलेल्या पायावर आईने एक मोजा चढवला, त्यावर दुसरा, मग तिसरा. तेवढे घातले की कृत्रिम पायाची खोबण घट्ट बसते. तिसरा चढवताना लेकीने ओठ दाताखाली धरला. आईने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आठ दिवस ती हे मोजे वेगळे धूत होती, गार पाण्यात, मीठ घालून. पहिल्या दिवशी नाण्याएवढा डाग होता, काल तळहाताएवढा. लेक बोलली नाही, आईने विचारलं नाही. मोजे वाळले की घडी करून बॅगेत ठेवायचे, एवढंच. जखम चिघळली तर गुडघ्याच्या वर कापावं लागेल, असं डॉक्टरांनी मागेच बजावलं होतं. पण आजच्या चारशे मीटरच्या शर्यतीतून कॉलेजच्या संघासाठी पोरींची निवड व्हायची होती, आणि पोरीने दोन वर्षं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

पाय बनवणारे मिस्त्री आले. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, धावायच्या पात्याचा स्क्रू पिळला. बरोबरीच्या मुली पाय दुखतात म्हणून कुरकुरल्या, की ही म्हणते, मला तुमच्या निम्मंच दुखतं; हे आईला सांगताना ते स्वतःच हसले. लेक हसली नाही.

बाहेर शर्यतीचा पुकारा झाला. खरं तर पाय उघडून बघायला हवा, असं पुटपुटत मिस्त्रींनी धावायच्या परवानगीच्या कागदावर सही करायला खिशातून पेन काढलं.

"ताई, कातडी कुठे फुटली नाहीये ना? फुटली असेल तर मी सही देणार नाही."

लेक पापणी न हलवता आईकडे बघत होती. पोर विनवतेय, असं आईला वाटलं.

"छे हो," ती म्हणाली. "नीट आहे सगळं."

इतकं सहज खोटं जन्मात तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मिस्त्रींनी सही केली.

लेक दुसरी आली. पहिल्या तिघींना घेणार होते. कॉलेजचे खेळाचे सर टाळ्या पिटत सुटले. लेक मात्र रेषेपलीकडे बसली ती उठेचना. आई कठड्याखालून वाकून मैदानात धावली. पट्टे सोडून तिने पाय ओढून काढला. आतले मोजे कातडीला चिकटून बसले होते, सुटत नव्हते. मिस्त्री येऊन उभे राहिले आणि खाली बघून त्यांनी मान फिरवली.

"झाली गं बाळा तुझी निवड," आई म्हणाली. तिचे हात लाल झाले होते.

लेकीच्या आवाजात राग नव्हता.

"माझ्या तोंडून निघत नव्हतं, आई. वाटलं, तू तरी सांगशील."