पाळी आणणारी गोळी

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर गोळ्यांची दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत तीच दोन हॉर्मोन, फरक घेण्याच्या पद्धतीत. पहिल्या प्रकारात दुसरं हॉर्मोन महिन्यातले ठरावीक दिवसच घ्यायचं, म्हणजे दर महिन्याला पाळी येत राहणार. दुसऱ्यात दोन्ही रोज घ्यायची, पाळीची कटकट मिटली. हॉर्मोनच्या चिकटवायच्या पट्टीनं समोर नवऱ्यासोबत बसलेल्या तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, त्यामुळे पट्टी बादच.

चौतिसाव्या वर्षी आपण हे निवडत बसू, असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. अंडाशयांनी अवेळीच गाशा गुंडाळला होता. दुसरं मूल जवळजवळ अशक्य, हे बाईंनी मागच्या खेपेला आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं. पण हाडं नि हृदय सांभाळायचं तर औषध हवंच.

"दुसरंच घे," नवरा म्हणाला. "तेवढा तरी त्रास वाचेल."

घरी सासूबाई लेकीला सांभाळत होत्या. सुनेची पाळी लांबलेली त्यांनी न विचारताच हेरली होती. हल्ली तिच्या हातातली भरली बादली त्या काढून घेत. आईच्या पोटावर उड्या मारू नकोस म्हणून नातीला दटावत. तोंडानं मात्र चकार शब्द नाही. आणि त्यांना खरं सांगायचं, हे दोघं नवराबायको रोज उद्यावर ढकलत होते.

"पहिलं द्या," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "या पाळीचा मूल होण्याशी संबंध नाही, बरं का. ती नुसती औषधानं येते."

"कळतंय मला."

नवऱ्यानं दुसरं पाकीट परत बाईंकडे सरकवलं.

पुढच्या महिन्यात पाळी आली. बाथरूमच्या फळीवर पॅडचं उघडं पाकीट दिसलं तशा सासूबाई थबकल्या. स्वयंपाकघरात येऊन कितीतरी वेळ ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिल्या. सून भाजी निवडत होती. त्यांनी फडकं वाळत टाकलं आणि तिच्या पाठीवर ओलाच हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. वय कुठं गेलंय तुझं?"

ती "हो" म्हणाली. हात पाठीवरून निघेपर्यंत तशीच बसून राहिली.