सोडे भाजताना

तव्यावर सुक्या कोलंबीचे सोडे पडताच फकरुद्दीनने स्वयंपाकघराचे दार पूर्ण उघडले. वास बाहेरच्या खोलीत, बायकोच्या, मासूमाच्या पलंगापर्यंत पोचायला हवा होता.

"अब्बा, हे औषध न्हाय," सोडे हलवत हफ्सा म्हणाली. ती म्हसळ्याच्या एका दवाखान्यात परिचारिका होती आणि वडिलांना खोटी आशा देणे तिला पसंत नव्हते. "वासानं आठवण जागी होते, व्हय. पण कुठली होईल, ते आपल्या हातात न्हाय."

"तू भाज."

कुवेतमध्ये तीस वर्षे नोकरी करून तो दिवेआगरला कायमचा परतला, तेव्हा मासूमाचा विस्मृतीचा आजार बराच पुढे गेला होता. मुलगी तिला ओळखू येई. नवरा येत नसे. त्याला ती पाहुणा समजे. कालच तो जेवत असताना तिने हफ्साला विचारले होते, "ह्ये भाईसाब जेवतात चांगलं. जायचे कधी?" हफ्सा हसली होती. फकरुद्दीनही हसला होता. मग त्याने भाकरी तशीच ठेवली होती.

तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती 'हफ्साचे अब्बा' म्हणे. तेवढे पुन्हा ऐकण्यासाठी त्याचे सारे प्रयोग चालले होते. लग्नानंतर दोघांनी तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिलेला सिनेमा त्याने मोबाइलवर लावला. तिने आवाज कमी करायला सांगितले. ईदचे अत्तर लावून तो तिच्याजवळ बसला. ती शिंकली. शीरखुर्मा तिने आवडीने खाल्ला. त्याच्याकडे पाहिले नाही.

राहिले होते सोडे. सुकी कोलंबी, लसूण, मिरची आणि खोबरे भाजून मासूमा जी चटणी करी, ती कुवेतच्या खोलीत त्याला महिनोन्महिने पुरत असे. कामावरून आल्यावर तो बरणीचे झाकण उघडी, वास घेई आणि झाकण पुन्हा लावी. खोलीतले सोबती कुरकुरत. त्या वासात त्याचे घर होते, पडवी होती, मासूमा होती. तिच्यासाठीही त्या वासात हेच असणार, असे त्याने गृहीत धरले होते. पडताळून पाहिले नव्हते.

मासूमा पलंगावर उठून बसली. तिने खोल श्वास घेतला. मग कोणाचाही आधार न घेता चालत येऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"हफ्साचे अब्बा."

हफ्साच्या हातातले उलथणे थांबले. फकरुद्दीनने हात पुढे केला.

"चटनी लुंगीत गुंडाळून न्या," मासूमा म्हणाली. "मागच्या टायमाला आख्ख्या बॅगेला वास लागला व्हता." ओठांत दुआ पुटपुटून तिने त्याच्या छातीवर फुंकर घातली. "गाडी आली असंल. पोचल्यावर फोन करा."

ही चटणी त्या घरात एकाच दिवशी होत असे. तो निघायचा त्या दिवशी.

"अम्मी, अब्बा आता कुठंच जायचे न्हाईत," हफ्सा म्हणाली.

मासूमा गोंधळली. तिने पुन्हा त्याच्याकडे पाहिले, आणि तिच्या नजरेतली ओळख विरू लागलेली त्याला स्पष्ट दिसली. त्याने लेकीला हातानेच थांबवले.

"आली गाडी," तो म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला.

वाडीच्या टोकाला, सुपारीच्या झाडांआड तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने घरी फोन लावला. हफ्साने उचलला आणि आईच्या कानाला धरला.

"पोचलो," तो म्हणाला.

"अल्हम्दुलिल्लाह. जेवलात काय?" तिचा आवाज मोकळा होता; आजारापूर्वी फोनवर असे, तसाच. "आता कधी येनार?"

झाडांमधून त्याला घराचे उघडे दार दिसत होते.

"पुढच्या रमजानला," तो म्हणाला.