गेडाम गुरुजींचं वर्तमान

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातून गेडाम गुरुजी परतले, ते घरात ज्ञान वाटतच. परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट बघणाऱ्या बायकोला, सुलोचनाबाईंना, ते रोज सुनवायचे, "अपेक्षा हेच दुःखाचं मूळ. वर्तमानात जग!"

रविवारी हा उपदेश मनावर घेऊन सुलोचनाबाई मैत्रिणींबरोबर तलावावर सहलीला गेल्या.

दुपारी भुकेल्या गुरुजींना स्वयंपाकघरात नुसती पालथी भांडी दिसली. त्यांनी तणतणत फोन लावला. "माझ्या जेवणाचं काय?"

"अहो, अपेक्षा कशाला ठेवता?" बाई हसल्या. "मी आत्ता नावेत बसलेय. अगदी वर्तमानात!"

शेवटी गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा खिचडी केली. ती करपली. पण शिबिरात एकदाही जमलं नव्हतं, ते ती खाताना जमलं. त्यांचं मन घासावरून क्षणभरही हललं नाही.