तिसरी चिठ्ठी

युकॉन नदीकाठच्या आमच्या गावाला यंदा मूस या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीचे तीनच परवाने आले, घरं एक्केचाळीस. नस्तासिया दरवर्षीप्रमाणे कॉफीच्या डब्यातून चिठ्ठ्या काढत होती. दोन नावं वाचून झाली. तिसरी चिठ्ठी उघडली, तर नवऱ्याचं नाव, वासिली. सात वर्षांत पहिल्यांदाच निघालेलं. पण समोर अख्खं गाव बसलेलं. ‘स्वतःच काढली, स्वतःच्याच घरात नेली,’ असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो! तिने चिठ्ठी मुठीत दाबली आणि मोठ्याने म्हणाली, “मार्फा!”

टाळ्या झाल्या. वासिलीनेही वाजवल्या.

म्हातारी मार्फा गोंधळून उठली. “अगं, मी यंदा चिठ्ठी टाकलीच नाही. हे गुडघे घेऊन कुठे जाऊ शिकारीला?”

नस्तासियाने मूठ उघडली. चिठ्ठी हातोहात फिरत वासिलीपर्यंत गेली. त्याने वाचली आणि मान खाली घातली.

“वेडी आहेस, आपल्याच माणसाच्या तोंडचा घास काढलास,” मार्फा म्हणाली. मग तिने विचारलं, “आणि इतकी वर्षं वाचलीस ती नावं?”

“ती खरी होती, मावशी.”

मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, “हेही खरंच वाटलं होतं.”